कोयता : परभणी जिल्ह्यांतील एका घडीव हत्याराचें परीक्षण

इतिहासाचीं साधनें जमविणाऱ्या आपल्या मंडळांच्या दप्तरखान्यांत कागदाला जें स्थान मिळालें तें लोखंडाला मिळालें नाहीं. कै. वि. का. राजवाडे यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. आणि तेव्हांपासून बखरी, सनदा, महजर व निवाडे यांचा शोध महाराष्ट्रांत चालू आहे. लोखंडापैकीं जें कांहीं जपलें गेलें तें बहुतेक तरवारी, पट्टे, कट्यारी व भाले यांच्या रूपानें. ज्या पात्याला रक्त लागलें तें संग्रहालयांत गेलें. ज्याला चीक व माती लागली तें झिजून भंगारांत गेलें.

प्रस्तुत लेखांत या दुसऱ्या वर्गांतील एका हत्याराचें परीक्षण करावयाचें आहे. हें हत्यार म्हणजे परभणी जिल्ह्यांत घडविला व वापरला जाणारा कोयता. 'परीक्षण' हा शब्द येथें जाणून योजिला आहे. एखादें काव्य किंवा शिल्प समोर ठेवून त्याची रचना, त्यांतील गुण व दोष, आणि कर्त्याचा हेतु यांचा जसा विचार करतात, तसाच विचार कोयत्याचाहि करतां येतो. आणि तो नीट केला असतां लेखी साधनांत न सांपडणारी एक गोष्ट हातीं लागते, असें आमचें म्हणणें आहे. ती कोणती हें ओघानें पुढें येईल.

१. लेखी साधनांचा पुरावा

लोहाराविषयीं लिहिलेलें थोडें नाहीं. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गांवगाडा' हा ग्रंथ १९१५ सालीं निघाला. गांवचे कारूनारू, त्यांचीं बलुतीं, आणि गांवोगांव हिंडणारे फिरस्ते यांचें इतकें बारीक निरीक्षण क्वचितच कोणीं केलें असेल. परंतु आत्रे यांची दृष्टि मुख्यतः व्यवहाराची आहे. कुळानें कारूला काय द्यावें, कारूनें त्याबदल्यांत काय करावें, आणि या देवघेवींत कोण नाडला जातो, हे त्यांचे प्रश्न. ते महत्त्वाचे आहेत. पण त्यांच्या उत्तरांत लोहार भेटतो तो पाटीभर धान्याचा धनी म्हणून. त्यानें घडविलेलें पातें बरें कीं वाईट, हा प्रश्न त्या चौकटींत उद्भवतच नाहीं.

दुसरें साधन जातिवर्णनपर ग्रंथांचें. परभणी जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होता, आणि त्या राज्यांतील जातिजमातींवर सय्यद सिराज उल हसन यांनीं लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १९२० सालीं प्रसिद्ध झाला. उत्पत्ति, पोटजाति, लग्नविधि, देवदेवता, प्रेतसंस्कार आणि धंदा अशा ठराविक कोष्टकांत तेथें एकेक जात बसविलेली आहे. लोकांच्या चालीरीतींना जेवढी जागा मिळते तेवढी त्यांच्या हातच्या कामाला मिळत नाहीं. लोखंडकाम करणारा माणूस तेथें सांपडतो, पण त्याचें लोखंड सांपडत नाहीं.

तिसरें साधन शस्त्रवर्णनाचें. विल्ब्रहॅम एगर्टन यांनीं हिंदुस्थानांतील शस्त्रांवर लिहिलेलें सचित्र पुस्तक १८८० सालचें. पात्यांचा विचार पातीं म्हणूनच तेथें केलेला आहे व त्या बाबतींत तें अद्याप उपयोगीं पडतें. परंतु त्याचा विषय युद्धाचीं व शोभेचीं शस्त्रें हा असल्यामुळें शेताच्या बांधावरील पात्याला तेथें जागा असण्याचें कारण नव्हतें.

येणेंप्रमाणें एका साधनांत मोबदला आहे, दुसऱ्यांत माणूस आहे, तिसऱ्यांत पातें आहे. तिन्ही एकत्र कोठेंच नाहींत. या उणिवेचा दोष त्या त्या ग्रंथकारांना देतां येत नाहीं, कारण त्यांचे हेतु निराळे होते. दोष असेल तर तो आपला, कीं या तिन्ही बाजू जेथें एकत्र येतात ती वस्तूच आपण साधन म्हणून उघडली नाहीं.

२. लोखंड कोठून आलें

परभणीची भूमि काळ्या कातळाची. दख्खनच्या लाव्हाथरांनीं हा सारा मुलूख व्यापलेला आहे आणि त्यावर कापूस व ज्वारी पिकविणारी काळी माती. अशा भूमींत लोखंड गाळण्याजोगी खाण मिळावयाची नाहीं. अर्थात् येथील लोहारापाशीं लोखंड नेहमीं बाहेरूनच आलें, हें गृहीत धरूनच पुढील विचार केला पाहिजे.

येथें एका लोकप्रिय समजुतीची चिकित्सा करणें जरूर आहे. गोदावरीच्या खोऱ्यांतच, पण बरेंच खालीं, आजच्या तेलंगणांतील निजामाबाद जिल्ह्यांत कोनासमुद्रम् हें गांव आहे. तेथें मुशींत पोलाद तयार होत असे व इराणचे व्यापारी तें नेण्यास येत. डॉ. वॉयसे यांनीं त्या कारखान्याचें केलेलें वर्णन बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत १८३२ सालीं छापलें गेलें. हेंच तें 'वुट्झ' नांवानें जगांत गाजलेलें पोलाद. परभणी व निजामाबाद हे दोन्ही जिल्हे एकाच राज्यांत होते, यावरून मराठवाड्यांतील जुन्या हत्यारांत वुट्झचा अंश असल्याचें अभिमानानें सांगणारे भेटतात. आमच्या मतें हा अभिमान अस्थानीं आहे. वुट्झमध्यें कर्बाचें प्रमाण शेंकडा एक ते दोन असतें. त्यामुळें तें अत्यंत कठीण होतें, उत्तम धार धरतें, परंतु थोडें जास्त तापलें कीं हातोड्याखालीं तुकडे होऊन पडतें. दिवसभर बुडख्यावर आपटावयाच्या, ढेकळांत व खड्यांत शिरणाऱ्या पात्याला हे गुण दोषांसारखेच आहेत. तरवारीच्या मापानें कोयता मोजूं नये, ही पहिली गोष्ट.

दुसरी गोष्ट अशी कीं बाहेरून आलेलें, पूर्वीं एका कामांत खपलेलें लोखंड पुन्हां घडविणें हीच या मुलखाची खरी परंपरा. बैलगाडीच्या चाकाची धाव झिजली कीं ती लोहाराकडे परत येई व तिचे विळे, खुरप्यांचीं पातीं, कुळवाच्या फाशी होत. विसाव्या शतकाच्या आरंभीं मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग परभणीवरून गेला आणि बाहेरील लोखंड येणें सोपें झालें. पुढें मालमोटारी आल्या, आणि त्यांच्या खालचा कमानपाटा हें कोयत्याचें मुख्य द्रव्य बनलें. आज कोयता घेणारा गिऱ्हाईक पहिला प्रश्न 'पाट्याचा आहे का?' हाच विचारतो. पाट्याचा कोयता जुन्या रीतीचा नव्हे असा एक आक्षेप ऐकूं येतो. परंतु द्रव्य बदललें म्हणून रीति बदलली असें होत नाहीं. धावेचें जें केलें तेंच पाट्याचें केलें; किंबहुना पाट्यांत कर्बाचें प्रमाण शेंकडा अर्धा किंवा त्याहून थोडें अधिक असल्यामुळें तो धावेपेक्षां कोयत्याला अधिक अनुरूप आहे.

या ठिकाणीं आणखी एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. याच जिल्ह्यांत, जिंतूर तालुक्यांत, चारठाणें येथें यादवकालीन मंदिरें व शिल्पें आहेत आणि त्यांविषयीं पुष्कळ लिहिलें जातें. पण कातळांत एवढें काम करावयाचें म्हणजे टांकी रोज बोथट व्हावयाची व रोज पाजवून तिला पाणी द्यावयाचें. ज्या दगडाचें आपण कौतुक करतों त्याच्यामागें कोणा लोहाराची भट्टी धगधगत होती, हें विसरतां येत नाहीं. आतां प्रत्यक्ष वस्तूकडे वळूं.

३. वस्तूचें वर्णन

प्रस्तुत लेखकासमोर असलेला कोयता गंगाखेड येथें रस्त्याच्या कडेला बसलेल्या एका घिसाडी कुटुंबाकडून, तो घडतांना पाहून, विकत घेतलेला आहे. पातें २६ सेंटिमीटर लांब. मुठीजवळ त्याची रुंदी ४ सेंटिमीटर, पुढें वाढत जाऊन पोटापाशीं ७ सेंटिमीटर, आणि तेथून निमुळतें होऊन टोंक धारेच्या बाजूला चोंचीसारखें वळलेलें. पाठीची जाडी मुठीजवळ ५ मिलिमीटर, टोंकाकडे ३ मिलिमीटर. मूठ बाभळीची, ११ सेंटिमीटर लांब. तिच्या तोंडाशीं लांकूड फुटूं नये म्हणून लोखंडी कडी. मुठीसह वजन सुमारें ४५० ग्रॅम.

या आंकड्यांचा अर्थ काम पाहिल्याशिवाय लागत नाहीं. ऊंस तोडणाऱ्याच्या हातीं एकच हत्यार असतें व त्याला तीन कामें करावीं लागतात. पहिलें, ऊंस अगदीं जमिनीलगत तोडणें. कारण साखरेचा अंश बुडाकडील कांड्यांत अधिक, आणि बुडखा उंच ठेवला तर तितकें नुकसान. दुसरें, उंसाच्या अंगावरील वाळलेलें पाचट सोलणें. तिसरें, शेंड्याकडील हिरवें वाढें छाटणें, जें जनावरांची वैरण होतें. पहिल्या कामास पुढें भार असलेलें, जड डोक्याचें पातें हवें, म्हणजे मनगटाचा झोंक पुरतो व खांदा कमी दुखतो. दुसऱ्या कामास हलकें, निसरतें पातें व चोंच हवी. तिसऱ्यास सरळ धार हवी. तीन कामांच्या तीन विरुद्ध मागण्या एका पात्यांत मिटविणें, हाच कोयत्याच्या रचनेंतील मूळ प्रश्न आहे.

आमच्या समोरील पात्यानें तो असा सोडविला आहे. पोट रुंद ठेवून भार पुढें नेला. पण तेथेंच पाठ पातळ करीत नेल्यामुळें एकूण वजन वाढूं दिलें नाहीं. धारेचा मुठीकडील भाग जवळजवळ सरळ ठेवला, तो वाढें छाटण्यास. पुढचा बांक बुडख्याला कवळून घेतो व घाव निसटूं देत नाहीं. चोंच पाचटांत शिरते. या पात्यावर नक्षी नाहीं, आणि एकहि रेषा निष्कारण नाहीं.

कोडगूची जाड वांकडी कत्ती, नेपाळची खुकरी, मलायांतील पारंग, आणि आपल्याच कोंकणांतील, कंबरेमागें अडकवून नेण्याचा कोयता, हीं सर्व याच कुळांतील हत्यारें. प्रत्येकाचा बांक त्या त्या प्रदेशांतील झाडाझुडपांनीं ठरविला आहे. 'कोयता' या शब्दाचें कुळहि या संबंधांत पाहण्याजोगें आहे. कापणें या अर्थी तमिळांत 'कोय्', कन्नडांत 'कोय्यु' व तेलुगूंत 'कोयु' हे धातु आहेत, आणि आपल्या शब्दाचें त्यांच्याशीं असलेलें नातें उघड दिसतें. तेलुगु व कन्नड मुलखांना लागून असलेल्या मराठवाड्यास हें नातें परकें वाटावयाचें नाहीं.

४. घडण

घिसाड्याचें दुकान म्हणजे जमिनींत रोंवलेली ऐरण, खळग्यांतील कोळसे, आणि भात्याच्या जागीं आतां हातानें फिरवावयाचा पंखा. पाट्याचा तुकडा छिन्नीनें तोडून भट्टींत नारिंगी होईतों तापवितात. लोखंडाचा रंग हाच येथील उष्णतामापक. काळसर लाल असतां घाव घातले तर पोलादाला चिरा जातात. पांढरें होऊन ठिणग्या उडूं लागल्या तर तें जळून निकामी होतें. या दोहोंमधील अवधि थोडा, व सारें काम त्या अवधींत उरकावयाचें.

पुरुष डाव्या हातानें सांडशींत लोखंड धरतो व उजव्या हातांत लहान हातोडा घेतो. समोर त्याची बायको दोन्ही हातांनीं घण उचलून उभी. लहान हातोडा जेथें पडला तेथें पाठोपाठ घण पडावयाचा. हातोडा मोकळ्या ऐरणीवर वाजला कीं घणानें थांबावयाचें. बोलण्याची गरज पडत नाहीं. घिसाडी बिऱ्हाडांत हें दृश्य नित्याचें आहे, आणि रस्त्यानें जाणारा तें पाहून स्त्रीच्या बळाचें कौतुक करतो. हातोडा म्हणजे बुद्धि व घण म्हणजे निव्वळ बळ, असा त्याचा समज होतो. परीक्षकानें हा समज पात्यावर ताडून पाहिला पाहिजे.

धारेची बाजू ठोकून पातळ केली कीं ती लांबते; पाठ मात्र तशीच राहते. त्यामुळें पातें आपोआप पाठीकडे वळूं लागतें. हें ठाऊक असल्यामुळें घिसाडी धार काढण्यापूर्वींच पातें उलट बाजूस, म्हणजे धारेकडे, गरजेपेक्षां अधिक वांकवून ठेवतो. पुढें धार ठोकली जाते तसतसें तें उघडत येतें, आणि शेवटच्या घावाला हवा तोच बांक उरावा लागतो. आतां हें पातें उघडतें कोणाच्या घावानें? घणाच्या. घणाचें तोंड किंचित् कलतें पडलें तर लोखंड धारेकडे पसरतें. सपाट पडलें तर चारी अंगांनीं पसरतें. एक घाव जड पडला तर त्या जागीं पातें पातळ होऊन धारेला लाट येते. हातोडा जागा दाखवितो. कल व जोर घण उचलणारीनें स्वतः ठरवावयाचे असतात, आणि तेहि लोखंडाचा रंग उतरत असतां, घावागणिक कमीजास्त करून.

आमच्या कोयत्याची पाठ पांच मिलिमीटरांपासून तीन मिलिमीटरांपर्यंत एकसारखी उतरत जाते, मध्यें कोठें खळगा नाहीं कीं उंचवटा नाहीं. सर्व मोठे घाव तिनें घातलेले आम्ही पाहिले आहेत. तेव्हां हा एकसारखा उतार म्हणजे तिच्या हाताची सही होय. कागदावर ज्या हाताची नोंद कोणीं केली नाहीं त्याची नोंद पात्यावर आहे. आणि ती कोणालाहि मोजून पाहतां येते. आरंभीं ज्या गोष्टीचा उल्लेख केला ती हीच.

५. पाणी

घडण उत्तम होऊन पाणी चुकलें तर कोयता वाया जातो. 'पाणी देणें' हा शब्दप्रयोग आपण माणसांच्या स्वभावालाहि लावतों, पण त्याचें मूळ येथें आहे. पातें लाल करून त्याची केवळ धारेकडील दोन बोटें पट्टी पाण्यांत बुडवितात. ती पट्टी तत्काळ कठीण होते. पाठ मात्र लालच असते. लगेच पातें बाहेर काढून धार विटेवर घांसून उजळ करतात व पाहत राहतात. पाठींतील उष्णता हळूहळू धारेकडे सरकते आणि उजळलेल्या पोलादावर रंग चढूं लागतात: प्रथम फिकट पिवळा, सुमारें २२० अंशांवर, मग तपकिरी, जांभळा, आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. पिवळ्यावर थांबविलें तर धार कठीण पण ठिसूळ. निळा ओलांडला तर मऊ. कोयत्याला जांभळा सरून निळा येऊं लागतो तेथें थांबवितात व सबंध पातें पाण्यांत टाकतात.

सूक्ष्मदर्शकाशिवाय व भट्टीच्या कांट्याशिवाय एकाच पात्याला कठीण धार व चिवट पाठ देण्याची ही युक्ति आहे. तींत धोका असा कीं पाट्याच्या जातीचें पोलाद कारखान्यांत तेलांत विझवितात. पाण्यांत तें चिरण्याचा संभव अधिक. पाठ कोरडी ठेवल्यानें हा धोका कमी होतो, नाहींसा होत नाहीं.

धार जितकी कठीण तितकी चांगली, हा समजहि येथें सोडून द्यावा लागतो. ऊंसतोड्या रोज, आणि गरज पडल्यास दिवसांतून अनेकदां, कानशीनें धार लावतो. उंसाच्या सालींत वाळूच्या जातीचें द्रव्य असल्यामुळें धार लवकर मरते. पातें इतकें कठीण झालें कीं कानस त्यावर नुसती घसरते, तर फडांत तें निरुपयोगी. कानस खाईल इतकें मऊ आणि बुडख्यावर वळणार नाहीं इतकें कठीण, या दोन मर्यादांमध्यें कोयत्याचें पाणी बसवावें लागतें. तरवारीची कीर्ति कठीणपणावर झाली. कोयत्याची कसोटी या प्रमाणबुद्धीवर आहे.

६. दोष

गुणांचें वर्णन करून दोष झांकणें हें परीक्षण नव्हे. आमच्या कोयत्यांत व त्याच्या जातभाईंत तीन दोष दिसतात.

पहिला : पातें जेथें संपतें व मुठींत शिरणारें शेपूट जेथें सुरू होतें तेथें काटकोन राहतो. प्रत्येक घावाचा हिसका त्या कोनांत एकवटतो, आणि कोयता मोडला तर बहुधा तेथेंच मोडतो. हा कोन गोलाईनें उतरविण्यास दोन घाव अधिक लागतात, एवढेंच. घाई हें त्याचें कारण. आणि घाईचें कारण असें कीं दसऱ्याच्या सुमारास तोडकरी निघण्यापूर्वीं सर्वांना कोयते एकदम हवे असतात.

दुसरा : चोंच पातळ असल्यामुळें भट्टींत ती आधीं तापते व पाणी देतांना आधीं थंड होते. त्यामुळें पोटाला बसलेलें पाणी चोंचीला बसतेंच असें नाहीं, आणि चोंचीच्या खपल्या उडतात.

तिसरा दोष आम्हांस सर्वांत मोठा वाटतो. मांडून ठेवलेल्या कोयत्यांच्या मुठी पाहिल्या तर त्या जवळजवळ एकाच जाडीच्या, आणि ती जाडी पुरुषाच्या पंजाची. फडांत कोयता धरणाऱ्यांत अर्ध्या स्त्रिया असतात. जाड मूठ लहान पंजांत घट्ट धरावी लागते, बोटें लवकर भरून येतात, आणि घामानें मूठ फिरली तर पातें नडगीवर येतें. पातें घडविण्यांत स्त्रीचा हात, वापरण्यांत स्त्रीचा हात, आणि मूठ मात्र तिच्या मापाची नाहीं. बाभळीचें लांकूड रंध्यानें थोडें उतरविलें तर हा दोष जातो. पण तसें मागणारें गिऱ्हाईक पुरुष असतें व त्याला तें सुचत नाहीं.

कारखान्यांत तयार होणाऱ्या कोयत्याशीं तुलना करतांना न्याय सोडूं नये. तेथें पहिले दोन दोष टाळतां येतात: कोन गोल कापतां येतो, पाणी सर्वत्र सारखें बसवितां येतें. किंमतहि कमी पडते. परंतु सारख्या जाडीच्या पत्र्यांतून छापून काढलेल्या पात्याला पाठीचा उतार नसतो. पोट रुंद ठेवावें तर तें जड, हलकें करावें तर भार मागें येतो. घडीव कोयत्याचा जो विशेष गुण, नेमका तोच तेथें नाहीं.

७. नांवाचा अर्थ

१९७६ सालीं पैठणच्या जायकवाडी धरणाचें लोकार्पण झालें व डाव्या कालव्याचें पाणी परभणी जिल्ह्यांत आलें. पाथरी-मानवतकडे उंसाचे मळे वाढले. तरीहि गंगाखेड, सोनपेठ, पालम या बाजूंचीं कोरडवाहू गांवें दर वर्षी दिवाळीच्या आगेंमागें रिकामीं होतात आणि माणसें पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत ऊंसतोडीला जातात, तीं उन्हाळ्याच्या तोंडीं परततात.

या व्यवहाराच्या भाषेंत 'कोयता' हा शब्द हत्याराचा राहिलेला नाहीं. मुकादम उचल देतो ती 'कोयत्याला'. आणि एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकटा माणूस आला तर तो 'अर्धा कोयता'. तोडणें, सोलणें, मोळ्या बांधणें व डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून मालमोटारींत चढणें हीं कामें दोघांत वांटलेलीं असतात. कामाचा दिवस बुडाला तर 'खाडा' जोडीच्या नांवावर लागतो. पण उचलीचा हिशेब बहुधा पुरुषाच्या नांवानें. म्हणजे भाषेनें जोडी ओळखली आणि वहीनें पुन्हां एकच नांव लिहिलें. ऐरणीपाशीं जें घडतें त्याचीच ही फडांतील आवृत्ति नव्हे काय? जोडीनें घडविलेलें हत्यार जोडी वापरते, त्या हत्याराच्या नांवानें जोडी ओळखली जाते, आणि दोन्ही ठिकाणीं नोंद अर्धीच राहते.

अलीकडे, २०२२ च्या अखेरीपासून, पुण्याच्या वृत्तपत्रांत कोयता हा शब्द दहशत माजविणाऱ्या टोळ्यांच्या संबंधांत वारंवार येऊं लागला. नगरवासी वाचकाला आतां तो शब्द ऐकतांच गुन्हा आठवतो. एका कामकरी शब्दाचा अर्थ वर्षा-दोन वर्षांत असा फिरावा, ही गोष्ट शब्दांचा इतिहास लिहिणारानें टिपून ठेवण्याजोगी आहे. दुसरीकडे ऊंस तोडणारीं यंत्रें फडांत येत आहेत. कष्टाच्या दृष्टीनें त्यांचें स्वागतच केलें पाहिजे. बुडख्याशीं वांकून दिवस काढणारांच्या पाठीपेक्षां कोयत्याचें सौंदर्य मोठें नाहीं. परंतु हत्यार जाण्यापूर्वीं त्याचा पुरावा घेऊन ठेवणें हें संशोधकाचें काम आहे.

८. काय करावें

आमची सूचना साधी आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतून कोयते, विळे, कुऱ्हाडी जमवाव्या, आणि त्यांतहि नव्यापेक्षां झिजलेले अधिक. पांचसहा हंगाम कानशीखालीं गेलेल्या पात्याची झीज वाचतां येते: बुडखे तोडणाऱ्याचें पोट झिजतें, पाचट सोलणारीची चोंच. प्रत्येक वस्तूबरोबर गांव, साल, लोखंडाचें मूळ, वजन, पाठीची तीन ठिकाणची जाडी व मुठीचा घेर टिपावा. त्याखेरीज दोन रकाने न चुकतां ठेवावे: घण कोणीं उचलला, आणि मूठ कोणीं धरली.

याच जिल्ह्यांतील गंगाखेडच्या जनाबाईंमुळें जातें मराठी वाङ्मयांत अजरामर झालें. कोयत्याला तसा कवि लाभला नाहीं. पण त्याला निदान नोंदवही तरी लाभावी. आश्विन शुद्ध नवमीस, खंडेनवमीला, आपल्याकडे घरांतील तरवार आणि शेतांतील कोयता एकाच पाटावर मांडून दोहोंना एकच हळदकुंकू वाहण्याची चाल आहे. पूजा करणारांनीं जो भेद केला नाहीं तो इतिहास लिहिणारांनीं करीत राहावा, याला कांहीं सबळ कारण दिसत नाहीं.